नटक्रॅकर बॅले: आईला दाखवायला नेतेय, गोष्ट कशी सांगू?

ओहायोकर | ८ डिसेंबर, रात्री १०:१२

नमस्कार. आई साताऱ्याहून आलीय, मार्चपर्यंत आमच्याकडे आहे. माझी लेक आठ वर्षांची. ती इथल्या बॅले क्लासकडून नटक्रॅकरमध्ये उंदीर झालीय. पुढच्या शनिवारी प्रयोग आहे आणि आम्ही तिघी जाणार आहोत, म्हणजे लेक स्टेजवर आणि आम्ही दोघी खाली.

आईने साताऱ्यात ३१ वर्षं शाळेत गाणं शिकवलं. कुठलीही गोष्ट अर्धवट समजली की तिला चैन पडत नाही. तयारी म्हणून परवा आम्ही दोघींनी मिळून एक जुनं रेकॉर्डिंग पाहिलं. पहिला अंक तिला फार आवडला. ख्रिसमसच्या आदल्या रात्रीची पार्टी, मुलीला मिळालेला लाकडी बाहुला, रात्री उंदरांशी झालेली लढाई, मग बर्फ. दुसरा अंक संपला तशी म्हणाली, "अगं, गोष्ट कुठे गेली? ही मुलगी तासभर नुसती बसून नाच बघतेय."

मग एकेक प्रश्न सुरू झाले. हा राजपुत्र मुळात लाकडाचा बाहुला का झाला होता? नटक्रॅकरला मी "अडकित्ता" म्हटलं, ते तिला पटलं नाही, आणि तिचं बरोबरच आहे, तो तोंडात धरून अक्रोड फोडतो. ती शुगर प्लम फेअरी कोण? प्लम म्हणजे आलुबुखार, मग ती आलुबुखाराची परी का? आणि हे रशियन काम आहे तर अमेरिकेतल्या गावोगावी दर डिसेंबरला का करतात?

माझ्याकडे एकाही प्रश्नाचं धड उत्तर नाही. कुणी जाणकार आहे का इथे?

चेलोवाला | ९ डिसेंबर, सकाळी ६:३५

ताई, मी जाणकार नाही, पण गेली १४ वर्षं प्रत्येक डिसेंबरात नटक्रॅकर वाजवतो. आमच्या गावचा ऑर्केस्ट्रा हौशी माणसांचा. मी चेलो वाजवतो, म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं मोठं, मंद्र आवाजाचं वाद्य. स्टेजपुढच्या खड्ड्यात, ज्याला पिट म्हणतात तिथे, आम्ही चौघं चेलोवाले बसतो. तिथून नाच अजिबात दिसत नाही. त्यामुळे ही गोष्ट मी डोळ्यांनी नाही, कानांनी ओळखतो. कामाला जायच्या आधी लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आईंचा पहिला प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. गोष्ट खरंच हरवलीय, आणि ती कुठे हरवली तेही सांगता येतं.

मूळ कथा ई. टी. ए. होफमान या जर्मन लेखकाची, १८१६ सालची. हा गृहस्थ बर्लिनमध्ये न्यायाधीश होता, संगीतकारही होता. हिट्झिग नावाच्या मित्राची मुलं होती, मारी आणि फ्रिट्झ. तीच नावं त्याने कथेतल्या भावंडांना दिली. (क्लारा हे नाव कथेत मारीच्या बाहुलीचं आहे, बॅलेत ते मुलीला चिकटलं. रशियात आजही तिला माशा किंवा मारीच म्हणतात.) होफमानच्या कथेच्या मधोमध आणखी एक कथा आहे आणि तुमच्या आईंच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे. ती त्यांना अशी सांगा.

एक राजा होता. त्याच्याकडे मेजवानी होती. सॉसेजसाठी काढून ठेवलेली चरबी उंदरांच्या राणीने आणि तिच्या गोतावळ्याने फस्त केली. राजाने त्यांना सापळे लावून मारलं. राणी वाचली आणि तिने सूड घेतला. राजकन्या पिर्लिपाट पाळण्यात होती, तिला तिने कुरूप करून टाकलं, डोकं एवढं मोठं, तोंड कानापासून कानापर्यंत. त्यावर उःशाप एकच. क्राकातुक नावाचं फळ, ज्याचं कवच तोफेच्या गाड्यानेही फुटत नाही, ते एखाद्या तरुणाने दातांनी फोडायचं. त्या तरुणाने आजवर दाढी केलेली नसावी, पायांत बूट घातलेले नसावेत. गर राजकन्येला द्यायचा, डोळे मिटायचे आणि सात पावलं मागे यायचं, एकदाही न अडखळता. ड्रोसेलमायर म्हाताऱ्याच्या (पार्टीत मुलीला बाहुला देतो तोच) कुटुंबातला एक मुलगा ते फळ फोडतो. राजकन्या गर खाते आणि सुंदर होते. मुलगा मागे सरकतो, एक, दोन, तीन... सातव्या पावलाला उंदरांची राणी नेमकी टाचेखाली येते. तो अडखळतो. ती मरते, पण शाप त्याच्यावर पडतो. तो लाकडी तोंडाचा कुरूप बाहुला होतो, आणि ज्या राजकन्येसाठी हे सगळं केलं ती त्याला घालवून देते. आता सुटका केव्हा? तो त्या राणीच्या सात डोक्यांच्या मुलाला मारेल आणि कुरूप असूनही एखादी मुलगी त्याच्यावर जीव लावेल तेव्हा.

म्हणजे पहिल्या अंकातली मुलगी त्या मोडक्या जबड्याच्या बाहुल्याला छातीशी धरते, तीच त्याची सुटका असते. श्रावणातल्या कहाण्यांवर वाढलेल्या माणसाला हे लगेच कळतं. पण बॅलेत ही आतली कथा काढून टाकली. अलेक्सांद्र द्युमाने १८४४ साली होफमानची कथा फ्रेंचमध्ये आपल्या पद्धतीने पुन्हा सांगितली होती, सेंट पीटर्सबर्गच्या मंडळींनी ती घेतली आणि तीही छाटली. शाप गेला, उःशाप तेवढा उरला. म्हणून दुसऱ्या अंकात नुसती मिठाईच्या राज्यातली मेजवानी दिसते.

आता ही मंडळी कोण ते सांगतो. रशियाच्या शाही नाट्यगृहांचे संचालक व्सेवोलोज्स्की. १८९० साली संगीतकार चायकॉव्स्कीचा 'स्लीपिंग ब्यूटी' हा बॅले गाजला, तेव्हा त्यांना पुन्हा तसंच काही हवं होतं. एकाच संध्याकाळी आधी एक छोटा ऑपेरा आणि मग एक बॅले, असा बेत ठरला. नृत्यरचना मारिउस पेतिपाकडे. पेतिपा संगीतकाराला प्रत्येक प्रसंगाची मापं लिहून द्यायचा. झाड वाढतं तिथे अद्भुत संगीताचे ४८ बार (तालाची आवर्तनं) आणि चढत जाणारा प्रचंड आवाज. परीच्या नाचात कारंज्याचे थेंब पडताना ऐकू आले पाहिजेत. मुख्य जोडीच्या संथ नृत्याचा परिणाम प्रचंड झाला पाहिजे. शिंप्याला माप द्यावं तसं. पुढे पेतिपा आजारी पडला आणि नृत्य बसवायचं काम त्याच्या सहायकावर, लेव्ह इवानोव्हवर आलं.

चायकॉव्स्कीचं मन या कामात नव्हतं. १८९१ च्या वसंतात तो फ्रान्समध्ये रुआं गावी बसून हे लिहीत होता. पुढे अमेरिकेला जायचं होतं, न्यूयॉर्कच्या नव्या संगीतगृहाच्या उद्घाटनाला (आजचं कार्नेगी हॉल). त्याच दिवसांत त्याची बहीण साशा वारली. चायकॉव्स्की चौदा वर्षांचा असताना आई गेली होती. पुढे साशाचं घर हेच त्याचं घर, तिच्या मुलांबरोबर त्याने कित्येक उन्हाळे काढले होते. भाऊ मॉदेस्त ही बातमी सांगायला रुआंला गेला, पण त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही आणि तो न सांगताच परतला. मग चायकॉव्स्की पॅरिसला आला, वाचनालयात रशियन वर्तमानपत्र चाळायला घेतलं आणि शेवटच्या पानावर बहिणीच्या मृत्यूची सूचना वाचली. काही दिवसांनी ल हाव्रच्या बंदरातून तो जहाजात बसला. बॅले पुढच्या हंगामावर ढकला, असं त्याने आधीच कळवलं होतं.

आता संगीत शिक्षिका असलेल्या तुमच्या आईंसाठी.

प्रयोग सुरू होतो तेव्हा आम्ही चेलोवाले आणि कोपऱ्यातले डबल बासवाले वाजवत नाही. सुरुवातीच्या ओव्हर्चरमध्ये चायकॉव्स्कीने आम्हाला एकही स्वर दिलेला नाही. तीन-साडेतीन मिनिटं गज मांडीवर ठेवून बसून राहायचं. मंद्रातला आवाज काढून घेतला की सगळं संगीत जमिनीवरून उचललं जातं, बाहुल्यांच्या घरातून आल्यासारखं बारीक वाजतं. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं माझी पानंच गहाळ झालीत.

आणि मग दुसऱ्या अंकाच्या शेवटी, सगळे चॉकलेट-चहा-कॉफीचे नाच होऊन गेल्यावर, परी आणि राजपुत्र यांचं ते संथ नृत्य येतं. पेतिपाला प्रचंड परिणाम हवा होता ते. हार्पचे झंकार सुरू होतात आणि धून येते आमच्याकडे, चेलोंकडे. ताई, ती धून म्हणजे काय आहे? सां नी ध प म ग रे सा. सगळे शुद्ध स्वर, बिलावलचा सरळ अवरोह, एकही स्वर वगळलेला नाही, एकही वक्र नाही. शाळेत पहिल्या दिवशी शिकवतात तो अलंकार, फक्त उतरता. एका मित्राने पैज लावली होती की ओळीने आठ स्वर घेऊन तुला धून करता येणार नाही, असा किस्सा सांगतात. काही अभ्यासक म्हणतात की त्या अवरोहाच्या लयीत रशियन चर्चमधल्या मृतांसाठीच्या प्रार्थनेची लय आहे आणि ती साशासाठी आहे. माझ्यापाशी पुरावा नाही, पण मी तो अवरोह १४ वर्षं वाजवलाय. मिठाईच्या राज्यात, आनंदाच्या शिखरावर, असं कुणी उगाच उतरत नाही. आमच्यानंतर तेच आठ स्वर एकेक करून सगळी वाद्यं घेतात आणि शेवटी ट्रॉम्बोनसकट सगळा ऑर्केस्ट्रा तिथे गर्जतो. माझी खुर्ची थरथरते त्या वेळी.

आईंना सांगा, तिथे डोळे मिटले तरी चालेल.

परीच्या नाचातलं टिणटिण वाद्य सेलेस्टा. दिसायला छोट्या पियानोसारखं, पण आत तारांऐवजी पोलादी पट्ट्या आणि त्यांवर नमद्याचे हातोडे. पॅरिसच्या ऑगस्त म्युस्तेलने १८८६ साली ते काढलं. चायकॉव्स्कीला ते तिथेच सापडलं. त्याने आपल्या प्रकाशकाला लिहिलं की हे मागव, पण कुणाला दाखवू नकोस, नाहीतर रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह हे दुसरे रशियन संगीतकार आधी वापरतील. नीट ऐका, सेलेस्टाच्या थेंबांना खालून एक जाड, काळा आवाज उत्तर देतो. ते बास क्लॅरिनेट.

बर्फाच्या नाचात आतून मुलांचा आवाज येईल, शब्द नसलेला, नुसता आकार. आणि वरून पडतो तो बर्फ म्हणजे कागदाचे कपटे. ते आमच्याही अंगावर पडतात. चेलोच्या पोटावर दोन लांबट भोकं असतात, त्यांतून आत जातात. मागच्या वर्षी मार्चमध्ये घरी रियाझ करताना आत काहीतरी खुळखुळलं. चेलो उलटा केला तर बोटाच्या पेराएवढा एक पांढरा कपटा बाहेर पडला. तो मी सुरांच्या वहीत ठेवलाय.

उरलेल्या प्रश्नांचं कुणी लिहील का? कामाला पळतो.

काटेरी_हलवा | ९ डिसेंबर, दुपारी ३:२०

चेलोवाले दादा, वाचताना घशाशी आलं.

आलुबुखाराचं मी सांगते. सांगलीला आमच्या घरी तीन पिढ्या संक्रांतीचा हलवा आणि हलव्याचे दागिने करतात. काही वर्षांपूर्वी नातीच्या पुस्तकात 'शुगर प्लम' वाचलं तेव्हा मीही आलुबुखारच समजले होते. मुलाने शोधून वाचून दाखवलं आणि मी उडालेच. त्यात आलुबुखार नसतोच! आत बडीशेप, शहाजिरं, धने किंवा बदाम, आणि वरून साखरेच्या पाकाचे थरावर थर. आकारावरून 'प्लम' म्हणत. फ्रेंचमध्ये त्याला 'द्राझे' म्हणतात आणि बॅलेतली परी फ्रेंचमध्ये द्राझे परीच आहे. जुन्या काळी ते लोक निखाऱ्यांवर टांगलेल्या भांड्यात दाणे घ्यायचे, पळीपळीने पाक घालायचे आणि भांडं हलवत राहायचे.

ताई, हे आपलंच काम आहे. शेगडीत मंद निखारे, वर परात, परातीत तीळ. पातळ पाक चमच्याने सोडायचा, फार नाही, तीळ जेमतेम ओले होतील एवढाच, आणि तळहाताने गोल फिरवत राहायचं. पाक सुकला की पुढचा चमचा. घाई केली की तीळ एकमेकांना चिकटतात आणि ढेकूळ होतं. आच वाढली की साखर पिवळी पडते. पहिल्या दिवशी नुसता पांढरा लेप दिसतो, काटा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, हवा थंड आणि कोरडी असेल तर, दाण्यावर बारीक टोकं उभी राहायला लागतात. तळहाताला आधी टोचतात, मग डोळ्यांना दिसतात. त्यांचा दाणा गुळगुळीत असतो आणि आपला काटेरी, पण रीत तीच. मुखवासातली रंगीत बडीशेप पाहा, ती तर हुबेहूब त्यांची.

तेव्हा आईंना सांगा, ती आलुबुखाराची नाही, हलव्याची परी आहे. साताऱ्याच्या माणसाला आणखी काही सांगावं लागणार नाही. साखर महाग होती तेव्हा हे करायला कितीतरी तास आणि कसबी हात लागायचे, म्हणून मिठाईच्या राज्याची राणी तीच.

चवड्यावर | ९ डिसेंबर, रात्री ११:०५

दोन्ही प्रतिसाद छापून ठेवण्यासारखे. मी लहानपणी मुंबईत आणि नंतर इथे न्यू जर्सीत बॅले शिकले, आता लहान मुलींना शिकवते. अमेरिकेचं मी लिहिते.

पहिला प्रयोग १८ डिसेंबर १८९२, सेंट पीटर्सबर्गचं मारीन्स्की थिएटर (तेव्हाच्या रशियन पंचांगाप्रमाणे ६ डिसेंबर). टीकाकारांना आवडलं नाही. स्टेजवर फार मुलं आहेत, मुख्य नर्तकी रात्र सरत आल्यावर येते, दोन अंकांचा एकमेकांशी संबंध नाही. शेवटचा मुद्दा तुमच्या आईंनी काढला तोच! संगीत मात्र आधीच जिंकलं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यातले निवडक तुकडे मैफलीत वाजले तेव्हा बहुतेक पुन्हा वाजवायला लावले होते. स्वतः चायकॉव्स्कीला हे 'स्लीपिंग ब्यूटी'पुढे फार कमी वाटायचं. नोव्हेंबर १८९३ मध्ये तो गेला. आपण काय करून ठेवलंय हे त्याला कधीच कळलं नाही, याचं मला दर डिसेंबरात वाईट वाटतं.

रशियन क्रांतीनंतर निकोलाय सेर्गेयेव्ह नावाचे गृहस्थ मारीन्स्कीच्या नृत्यांच्या लिखित नोंदी देशाबाहेर घेऊन गेले. त्यांवरून जानेवारी १९३४ मध्ये लंडनला सॅडलर्स वेल्समध्ये प्रयोग झाला. अमेरिकेत पूर्ण बॅले पहिल्यांदा झाला सॅन फ्रान्सिस्कोत, २४ डिसेंबर १९४४ ला, विलम क्रिस्टेन्सनने बसवलेला. युद्ध चालू होतं, कापड मिळत नव्हतं, एका जुन्या नाटकगृहाचे मखमली पडदे घेऊन त्यांचे पोशाख शिवले. आणि क्रिस्टेन्सनने तो मूळ प्रयोग कधी पाहिलेला नव्हता. नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलंचीन आणि नर्तकी अलेक्सांद्रा दानिलोवा त्या शहरात आले होते, दोघंही पीटर्सबर्गच्या बॅले शाळेतले. त्यांनी लहानपणी पाहिलेलं, नाचलेलं जे आठवत होतं ते त्याला सांगितलं.

मग २ फेब्रुवारी १९५४ ला न्यूयॉर्कमध्ये बॅलंचीनने आपला प्रयोग केला. परी होती मरिया टॉलचीफ, ओसेज या मूलनिवासी जमातीतल्या घराण्यातली. बॅलंचीन स्वतः मारीन्स्कीच्या प्रयोगात मुलांच्या भूमिका करत मोठा झाला होता. त्यामुळे जी मुलं टीकाकारांना नकोशी झाली होती, तीच त्याने मध्यभागी आणली. झाड खऱ्याखुऱ्या अर्थाने वाढतं, ४१ फुटांपर्यंत. ५०च्या दशकाच्या शेवटी तो टीव्हीवर दाखवला गेला आणि घराघरांत पोचला.

गावोगावी का, त्याचं उत्तर तुमच्याच घरात आहे. तुमची लेक उंदीर आहे म्हणून तुम्ही जाताय, आजी जातेय, शेजारीही येतील. एका प्रयोगात पन्नास-साठ मुलं सहज सामावतात. या महिनाभराच्या तिकिटांतून कित्येक बॅले कंपन्यांच्या वर्षाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा येतो आणि त्यावर बाकीचे, नवे, अवघड प्रयोग उभे राहतात. मी माझ्या मुलींना सांगते, उंदराची शेपटी सांभाळून चाला, तिच्यावर पुढचं वर्ष चालतं.

एक गोष्ट मनापासून सांगायचीय. 'चिनी चहा' आणि 'अरबी कॉफी'चे नाच. मी शिकत होते तेव्हा चिनी नाचात आम्हाला डोळे तिरके रंगवायचे आणि दोन बोटं वर करून डोलायला लावायचे. माझ्या शेजारी एक चिनी मुलगी नाचायची. ती त्या दिवशी आरशात बघायची नाही. २०१७ साली फिल चॅन आणि न्यूयॉर्क सिटी बॅलेची नर्तकी जॉर्जिना पाझकोगिन यांनी ही पद्धत बदला म्हणून मोहीम सुरू केली आणि त्या कंपनीने आपला चहाचा नाच बदलला. मीही माझ्या वर्गात बदलला, आम्ही आता तिथे टोळ करतो, हिरवे, उड्या मारणारे. संगीताला ते शोभतं. अरबी म्हणवणारी धून तर मुळात अरबी नाहीच, ती जॉर्जियातल्या एका अंगाईवर बेतलेली आहे. मी ती मुलींना अंगाईच्याच चालीने, हळू, पाळणा हलवल्यासारखी शिकवते.

ओहायोकर | १५ डिसेंबर, सकाळी ९:४८

काल जाऊन आलो. सगळ्यांना आधी खूप खूप आभार, मग सविस्तर.

निघताना गाडीत आईला क्राकातुकची गोष्ट सांगितली. ती सातव्या पावलापाशी "अगं बाई" म्हणाली आणि मग गप्प झाली. पार्टीत क्लाराचा भाऊ बाहुल्याचा जबडा मोडतो आणि ती रुमालाने बांधते, तिथे आईने माझा हात धरला. लेक आली तेव्हा सहा उंदीर होते, आम्हाला कुठला आपला ते कळेना. मग एकाने स्टेजवरून जाताना स्वतःची शेपटी उचलून हातात घेतली. चवड्यावर ताई, तो आपला!

सेलेस्टा वाजायला लागल्यावर आई माझ्या कानात म्हणाली, "हलवा पडतोय परातीत." त्यानंतर तिला परी वेगळी दिसलीच नसावी, शेवटपर्यंत हसत होती.

आणि तो अवरोह. इथल्या पिटमध्ये दोनच चेलो होते, पण आमच्या जागेवरून दिसत होते. हार्प सुरू झाली तशी आई पुढे सरकून बसली. डोळे मिटले नाहीत, चेलोकडे बघत राहिली. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून खाली उतरताना मला दिसत होता, सां, नी, ध, प. ती शाळेत अशीच मोजून दाखवायची, मी तिच्याच वर्गात होते पाचवीला. ट्रॉम्बोन आले तेव्हा मोजणं थांबलं आणि तिने चष्मा काढला.

घरी आल्यावर चहा घेताना बोलली. चेलोवाले दादा, तुमच्यासाठी तिचा निरोप आहे, तिच्याच शब्दांत लिहिते: "त्यांना सांग, मी पोरांना शिकवायचे की अवरोहात पायऱ्या उतरताना घाई करू नका, खालच्या सा वर आलात की टेका, घर आलंय. हा माणूस सा वर येतो पण टेकत नाही. पुन्हा वर जातो आणि पुन्हा उतरायला लागतो. त्याला घरी जायचंय आणि घरात कुणी नाही. ती बहिणीची गोष्ट खरी असो-नसो, मला ऐकू आलं ते हे."

काटेरी_हलवा ताई, आईचा प्रश्न तुमच्यासाठीही आहे. भाऊ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येतोय, त्याच्याबरोबर तुमच्याकडचा हलवा मागवायचा म्हणते, उंदरांच्या अख्ख्या टोळीला वाटायला. प्रवासात काटे मोडतील का?

काटेरी_हलवा | १५ डिसेंबर, रात्री ९:१५

मोडत नाहीत. पत्र्याच्या डब्यात खाली-वर कापूस घालून गच्च भरते, खुळखुळायला जागा ठेवत नाही. दमट हवा मात्र लागू देऊ नका, डबा उघडला की लगेच वाटून टाका. सहा उंदीर म्हणजे पाव किलो पुरे, आईंसाठी वेगळी पुडी ठेवते, तिळाचा, बारीक काट्याचा.

चेलोवाला | १६ डिसेंबर, सकाळी ६:१०

आईंना माझा नमस्कार सांगा.

१४ वर्षं मी त्या शेवटच्या सा वर गज लांबवत होतो. छान वाटायचं, जड, भरलेलं. काल रात्री निरोप वाचून पुन्हा पानं काढली आणि एकट्यानेच वाजवून पाहिलं, सा वर न टेकता. दोनदा तसंच वाजवलं. बायको आतून बाहेर आली आणि दारात उभी राहिली, काही बोलली नाही.

आज संध्याकाळी तालमीला बाकीच्या तिघांना दाखवणार आहे. गुरुवारपासून आमचे पाच प्रयोग आहेत.